भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर गळ्यात मारला जाणारा विमा: आधी काय तपासावे, तिथे काय बोलावे

गाडीचे आरक्षण आधीच झालेले असते, भाडेही ठरलेले असते, आणि तरीही काउंटरवर चावी हातात पडेपर्यंत करारपत्रावरची एकूण रक्कम दीडपट किंवा दुप्पट होते, असा अनुभव परप्रांतात किंवा परदेशात गाडी भाड्याने घेणाऱ्या पुष्कळांना येतो. या वाढीतला सर्वांत मोठा वाटा बहुधा विम्याचा असतो. लांबच्या प्रवासाने थकलेल्या माणसासमोर, मागे रांग ताटकळत असताना, चार-पाच प्रकारच्या संरक्षणांची नावे भराभर उच्चारली जातात, ती घेतली नाहीत तर केवढा भुर्दंड बसेल हे सांगितले जाते, आणि भीतीपोटी सही होऊन जाते. यातून सुटण्यासाठी वाद घालण्याचे कौशल्य लागत नाही. आपल्याकडे कोणते संरक्षण आधीपासून आहे, कोणते नाही, आणि जे नाही ते कोठून घ्यायचे, हे निघण्यापूर्वी शांतपणे ठरवलेले असावे लागते. कारण काउंटरवर विचार करायला वेळ मिळत नाही आणि तो मिळावा अशी तिथे कोणाची इच्छाही नसते.

हा आग्रह का होतो, हे समजून घेतले की त्याचा ताण कमी होतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाडे संकेतस्थळांवर शेजारी-शेजारी दिसत असल्यामुळे मूळ भाडे कमी ठेवण्याची स्पर्धा असते, आणि कमी झालेला नफा काउंटरवरच्या जास्तीच्या विक्रीतून भरून काढला जातो. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याला या विक्रीवर कमिशन मिळते किंवा त्याला ठरावीक लक्ष्य गाठावे लागते. समोरची व्यक्ती आपली नोकरी करत असते, म्हणून तिच्याशी उद्धटपणे वागण्याचे कारण नाही. पण तिचा सल्ला तटस्थ आहे असे मानण्याचेही कारण नाही.

विकले जाते ते नेमके काय

नावे कितीही असली तरी मूळ प्रश्न दोनच आहेत. आपल्या ताब्यातल्या गाडीला काही झाले तर पैसे कोण देणार, हा पहिला. आणि आपल्या हातून दुसऱ्या माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर ते कोण भरणार, हा दुसरा. हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवले नाहीत तर काउंटरवरचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण तिथे ते एकाच दमात आणि एकाच पॅकेजमध्ये विकले जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जे विकले जाते त्याला सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) किंवा एलडीडब्ल्यू (लॉस डॅमेज वेव्हर) म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर बऱ्याच ठिकाणी हा विमा नसतोच. गाडीचे नुकसान झाले तर ते आपल्याकडून पूर्णतः किंवा अंशतः वसूल करणार नाही, असे कंपनीने शुल्क घेऊन दिलेले ते वचन असते. वचन असल्यामुळे त्याला अटी असतात, आणि त्या मोडल्या की ते रद्द होते: करारात नाव नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवणे, मद्यपान करून चालवणे, मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेणे, चुकीचे इंधन भरणे. शिवाय टायर, रिम, काचा, टप आणि गाडीची खालची बाजू हे भाग मूळ संरक्षणातून अनेकदा वगळलेले असतात, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक नुकसान होते ते नेमके याच भागांचे. फुटपाथच्या कडेला घासलेली रिम आणि समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने तडकलेली काच हे रोजचे प्रकार आहेत. म्हणून 'सगळे कव्हर आहे का?' असे विचारण्यापेक्षा 'काच, टायर आणि खालची बाजू यात धरली आहे का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला हो म्हणणे सोपे असते, दुसऱ्याला तसे नसते.

युरोपात आणि इतरही बऱ्याच देशांत मूळ सीडीडब्ल्यू भाड्यातच धरलेले असते, पण त्यावर एक्सेस असतो, म्हणजे नुकसानीतली ठरावीक रकमेपर्यंतची पदरमोड आपल्याला करावी लागते. ही रक्कम मोठी असते, आणि काउंटरवरची सगळी विक्री तिच्याभोवती फिरते: रोज इतके शुल्क भरा म्हणजे एक्सेस शून्यावर येईल. हा सौदा वाईटच असतो असे नाही, पण त्याचा हिशेब मांडावा. समजा, रोजचे शुल्क एक्सेसच्या पन्नासाव्या भागाइतके आहे; तर 10 दिवसांच्या भाड्यात आपण एक्सेसचा पाचवा हिस्सा आधीच देऊन टाकतो, मग नुकसान होवो वा न होवो. केवळ एक्सेसची भरपाई देणारी स्वतंत्र पॉलिसी त्रयस्थ विमा कंपन्या विकतात, आणि ती काउंटरच्या दरापेक्षा बहुधा पुष्कळ स्वस्त पडते. वर्षातून दोन-तीनदा गाडी भाड्याने घेणाऱ्याने अशी वार्षिक पॉलिसी घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

या स्वस्त मार्गाची एक बाजू मात्र आधी समजून घ्यावी. नुकसान झाले तर भाड्याची कंपनी पैसे आपल्या कार्डावरूनच कापते. ते नंतर कागदपत्रे सादर करून विमा कंपनीकडून परत मिळवावे लागतात. ज्या संकेतस्थळावरून आरक्षण केले तिथे 'संपूर्ण संरक्षण' या नावाने जे घेतलेले असते, तेही बहुतेक वेळा असेच परतफेडीचे उत्पादन असते. काउंटरवर त्याचा कागद दाखवला की 'हे आमच्याकडे चालत नाही' असे उत्तर येते, प्रवासी संतापतो, आणि अखेर गोंधळून तेच संरक्षण दुसऱ्यांदा विकत घेतो. कर्मचारी जे म्हणतो ते तांत्रिकदृष्ट्या खरे असते, कारण त्या पॉलिसीशी त्याच्या कंपनीचा करार नसतो. पण म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. तिथे ती दाखवण्याची मुळात गरजच नसते. आपण कंपनीचे जास्तीचे संरक्षण नाकारत आहोत, एवढे सांगणे पुरेसे असते.

दुसऱ्याचे नुकसान: इथे काटकसर करू नये

गाडीचे नुकसान कितीही झाले तरी ते गाडीच्या किमतीच्या आसपास थांबते. एखाद्या माणसाला गंभीर इजा झाली तर होणाऱ्या दाव्याला अशी मर्यादा नसते. युरोपीय संघात प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा विमा कायद्याने असावाच लागतो आणि तो भाड्यात धरलेला असतो, त्यामुळे तिथे या बाबतीत सहसा वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तिथे गाडीसोबत मिळणारे संरक्षण राज्यानुसार बदलते आणि बऱ्याचदा कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेपुरतेच असते, जी गंभीर अपघातात पुरेशी ठरत नाही. शिवाय ग्रेव्ह्ज दुरुस्ती या 2005 च्या संघीय कायद्यानंतर, भाडेकरूच्या निष्काळजीपणासाठी केवळ गाडीची मालक म्हणून भाड्याच्या कंपनीला जबाबदार धरता येत नाही, त्यामुळे दाव्याचा रोख चालकाकडे वळतो. अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्वतःच्या गाडीचा विमा असलेल्या व्यक्तीला तो विमा बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो, तरी आपल्या विमा कंपनीकडून त्याची खात्री करून घ्यावी. पण बाहेरून गेलेल्या पाहुण्याकडे असे काहीच नसते. अशा प्रवाशाने एसएलआय किंवा एलआयएस या नावाने विकले जाणारे पूरक दायित्व संरक्षण नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काउंटरवर घेण्याऐवजी आरक्षणातच धरलेले असले तर उत्तम; परदेशी रहिवाशांसाठी कंपन्या अनेकदा सीडीडब्ल्यू आणि हे संरक्षण दोन्ही समाविष्ट असलेले दर देतात, मात्र त्यासाठी आरक्षण करताना राहण्याचा देश खरा आणि अचूक भरलेला असला पाहिजे.

मेक्सिको आणि कोस्टा रिका या देशांत तृतीय पक्षाचा विमा कायद्याने आवश्यक असतो, आणि संकेतस्थळावर दिसणाऱ्या अतिस्वस्त दरात तो अनेकदा धरलेला नसतो. तिथे काउंटरवरचा कर्मचारी 'हे बंधनकारक आहे' म्हणतो तेव्हा तो खरे बोलत असतो. इतर बहुतेक ठिकाणी 'बंधनकारक' हा शब्द सीडीडब्ल्यूच्या जास्तीच्या संरक्षणासाठी वापरला तर त्याची शहानिशा करावी. 'करारातले ते कलम मला दाखवाल का?' हा सभ्य प्रश्न त्यासाठी पुरतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तर हे संरक्षण ऐच्छिक असून ग्राहकाच्या स्वतःच्या विम्यातून ते आधीच मिळत असू शकते, असे ग्राहकाला लेखी कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि तो मजकूर आपण सही करतो त्याच कागदावर बारीक अक्षरांत सापडतो.

राहिलेली छोटी उत्पादने पटकन निकालात काढता येतात. चालक आणि प्रवाशांसाठीचा वैयक्तिक अपघात विमा आणि गाडीतल्या सामानाचा विमा यांतले बरेचसे काम चांगली प्रवास विमा पॉलिसी करते. ती असेल तर हे दोन्ही नाकारावेत. रस्त्यावरच्या मदतीचे पॅकेज घ्यायचे की नाही हे चावी हरवणे, पंक्चर, बॅटरी उतरणे यांचा खर्च मूळ करारात कोणावर टाकला आहे त्यावर ठरवावे. आइसलँडमध्ये खडी आणि वाळू-राख यांच्यासाठी वेगळी संरक्षणे विकली जातात; ती ऐकायला विचित्र वाटली तरी तिथल्या रस्त्यांवर आणि वाऱ्यात त्यांना अर्थ आहे, म्हणून ती मात्र सरसकट नाकारू नयेत.

क्रेडिट कार्डावर विसंबण्यापूर्वी

'माझ्या कार्डावर विमा आहे' हे वाक्य अनेकजण ऐकीव माहितीवर म्हणतात, आणि कर्मचाऱ्याने एक उलट प्रश्न विचारला की त्यांचा धीर सुटतो. कार्डासोबतच्या लाभांचे माहितीपत्रक निघण्यापूर्वी उघडून त्यात पुढील गोष्टी शोधाव्यात. संपूर्ण भाडे त्याच कार्डाने भरण्याची आणि कार्डधारकानेच मुख्य चालक असण्याची अट जवळजवळ नेहमी असते. कंपनीचे सीडीडब्ल्यू नाकारले तरच कार्डाचे संरक्षण लागू होते, ही अटही नेहमीची आहे. म्हणजे काउंटरवर 'असू दे, दोन्ही असलेले बरे' म्हणून सही केली तर कार्डाचे संरक्षण आपणच घालवून बसतो. भाड्याच्या सलग दिवसांना मर्यादा असते, बहुधा 15 किंवा 31 दिवसांची. महागड्या गाड्या, मोठ्या व्हॅन आणि मालवाहू वाहने वगळलेली असतात. काही देशही वगळलेले असतात. आयर्लंड, इस्रायल आणि जमैका ही नावे अशा याद्यांमध्ये वारंवार दिसत आली आहेत. संरक्षण प्राथमिक आहे की दुय्यम, हेही पाहावे, कारण दुय्यम असेल तर आधी आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्यावर दावा करावा लागतो. आणि एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी: कार्डाचे संरक्षण भाड्याच्या गाडीपुरते असते, दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी ते जवळजवळ कधीच नसते.

ही खात्री झाली की कार्ड कंपनीकडून आपल्या नावाचे, देशाचा आणि तारखांचा उल्लेख असलेले संरक्षणाचे पत्र मागवून घ्यावे. काही देशांतले काउंटर सीडीडब्ल्यू नाकारणाऱ्याकडे असे पत्र मागतात, आणि ते छापील स्वरूपात समोर ठेवले की बोलणे बहुधा तिथेच संपते.

काउंटरवर

आरक्षणाचे व्हाउचर, त्यात काय समाविष्ट आहे त्याची यादी आणि कार्डाचे पत्र एकत्र हातात ठेवावे, आणि विक्रीचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच आपले म्हणणे सांगून टाकावे: 'व्हाउचरमध्ये आहे तेवढेच संरक्षण मला हवे आहे, त्याहून जास्त काही नको.' कारणे देऊ नयेत. प्रत्येक कारणाला तयार उत्तर असते. 'माझे कार्ड आहे' म्हटले की 'ते इथे चालत नाही' येते, 'मी सावकाश चालवतो' म्हटले की 'तुमची चूक नसतानाही ठोकतात' येते, आणि हे दुसरे उत्तर खरेही असते. 'नको, धन्यवाद, माझा निर्णय झाला आहे' या वाक्याला मात्र प्रत्युत्तर नसते. ते शांत स्वरात, शब्द न बदलता, लागेल तितक्या वेळा म्हणावे. काउंटरची भाषा आपल्याला सरावाची नसेल तर हे एक वाक्य त्या भाषेत पाठ करून जावे.

'मग तुमच्या कार्डावर मोठी रक्कम अडवून ठेवावी लागेल' असे ऐकले तर ती धमकी समजू नये. तो व्यवहाराचा भाग आहे. जास्तीचे संरक्षण नाकारले की कंपनी एक्सेसच्या जवळपास रक्कम कार्डावर ब्लॉक करते आणि गाडी सुखरूप परत केल्यावर ती मोकळी करते. कार्डाची शिल्लक मर्यादा तेवढी नसेल तर मात्र नकार टिकवता येत नाही, कारण गाडीच मिळत नाही. डेबिट कार्ड घेऊन जाणाऱ्यांची हीच अडचण होते: बऱ्याच कंपन्या ते डिपॉझिटसाठी स्वीकारत नाहीत, किंवा स्वतःचे पूर्ण संरक्षण घेतले तरच स्वीकारतात. म्हणून किती रक्कम ब्लॉक होणार हे आरक्षणाच्या अटींत आधीच पाहावे आणि मुख्य चालकाच्या नावाचे, पुरेशा मर्यादेचे क्रेडिट कार्ड सोबत असू द्यावे.

सर्वांत सावध राहायचे ते सहीच्या क्षणी. आता बहुतेक ठिकाणी कागदाऐवजी एक छोटा पडदा आपल्याकडे वळवला जातो. त्यावर एकामागून एक चौकटी येतात, कर्मचाऱ्याचे बोट सही करायची जागा दाखवते, आणि 'ही फक्त गाडी मिळाल्याची पोच' किंवा 'ही फक्त अटी मान्य असल्याची' असे सांगितले जाते. त्यांतली एखादी चौकट संरक्षण स्वीकारल्याची असू शकते, आणि तोंडी नकाराला तिच्यापुढे काहीच किंमत नसते. म्हणून पडदा हातात घ्यावा, प्रत्येक चौकटीतला 'स्वीकारले' की 'नाकारले' हा शब्द वाचावा, आणि एकूण रक्कम व्हाउचरमधल्या रकमेशी ताडून पाहावी. फरक असेल तर एकेका ओळीचा खुलासा मागावा. भाषा कळत नसेल तर आपल्याला कळणाऱ्या भाषेतला करार मागावा किंवा फोनवर भाषांतर करून वाचावा. मागच्या रांगेचा संकोच वाटतो हे खरे, पण ती रांग आपल्या कार्डावरची रक्कम भरणार नाही.

चुकून सही होऊन गेली आणि काउंटर सोडण्यापूर्वी लक्षात आले, तर लगेच करार दुरुस्त करून मागावा. नंतर लक्षात आले तरी त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. काही कंपन्या उरलेल्या दिवसांचे संरक्षण काढून देतात.

नकार दिल्यानंतरची जबाबदारी

संरक्षण नाकारणाऱ्याने गाडीची तपासणी दुप्पट काळजीने केली पाहिजे. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी तिच्याभोवती फिरत एक सलग व्हिडिओ घ्यावा: चारही रिम जवळून, समोरची काच तिरकस कोनातून, बंपरचे खालचे कोपरे, आरसे, टप, आतल्या सीट, आणि शेवटी इंधनाचा काटा व किलोमीटरचा आकडा. धुळीने माखलेली, पावसात भिजलेली किंवा अंधाऱ्या तळघरात उभी केलेली गाडी ओरखडे लपवते, तेव्हा ती उजेडात आणून पाहावी. जे ओरखडे किंवा पोचे दिसतात ते तपासणीच्या फॉर्मवर नोंदवून कर्मचाऱ्याची सही घ्यावी. तिथे कोणी नसेल तर परत काउंटरवर जावे किंवा ते फोटो निघण्यापूर्वीच कंपनीच्या ईमेलवर पाठवावेत, म्हणजे वेळेची नोंद राहते. परत करतानाही तसाच व्हिडिओ घ्यावा आणि शक्यतो कार्यालय उघडे असताना गाडी ताब्यात देऊन 'नवीन नुकसान नाही' अशी लेखी पोच मागावी. कार्यालय बंद असताना चावी पेटीत टाकली, तर कर्मचारी येऊन गाडी तपासेपर्यंतची जबाबदारी अनेक करारांनुसार आपल्यावरच राहते.

तक्रारीला वजन नसते असे समजू नये. 2015 मध्ये युरोपीय आयोग आणि सदस्य देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी एकत्रित कारवाई केल्यानंतर एव्हिस, युरोपकार, एंटरप्राइझ, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच मोठ्या कंपन्यांनी विम्याची माहिती अधिक स्पष्ट देण्याचे आणि नुकसानीच्या वसुलीची पद्धत सुधारण्याचे मान्य केले होते. ग्राहकांच्या तक्रारी साचत गेल्या म्हणूनच ती कारवाई झाली. नंतर कधी कार्डावरून नुकसानीपोटी रक्कम कापली गेली, तर दुरुस्तीचे बिल, नुकसानीचे तारीख असलेले फोटो आणि गाडी दुरुस्तीत असतानाचे भाडे बुडाल्याचा दावा असेल तर त्याचा पुरावा लेखी मागावा. समाधानकारक उत्तर आले नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल हरकत नोंदवावी. हरकतीला आणि विम्याच्या दाव्यालाही मुदत असते, आणि नुकसानीची मागणी गाडी परत केल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही येऊ शकते. त्यामुळे करार, व्हिडिओ आणि पोचपावती किमान सहा महिने जपून ठेवावी, आणि तोवर कार्डाचे मासिक विवरण दर महिन्याला उघडून पाहावे.